सहाशेचे उमेदवार

पुण्यासारख्या शहरात ज्यांची नोकरी कायम, प्रकृती बरी आणि मुले मार्गी लागलेली आहेत, अशा गृहस्थांच्या आयुष्यात पन्नाशीच्या आगेमागे एक पोकळी उत्पन्न होते. पूर्वी ती अध्यात्माने, नाट्यसंगीताने अथवा होमिओपॅथीने भरून निघत असे. अलीकडे तिच्यात पक्षी येऊन बसतात. पक्षी आले म्हणजे कॅमेरा आला, आणि पक्षी स्वभावतःच दूर बसत असल्यामुळे कॅमेऱ्यामागून लेन्स आली. येथवर प्रकरण निरुपद्रवी असते. परंतु पाखरू उडून गेलेल्या फांद्यांची विपुल चित्रे काढून झाल्यावर एके दिवशी त्या गृहस्थास साक्षात्कार होतो की, दोष आपल्या हाताचा नसून भिंगाचा आहे, आणि त्या घटकेपासून तो ज्या वर्गात दाखल होतो, त्यास मी 'सहाशेचे उमेदवार' म्हणतो.

सहाशे म्हणजे सहाशे मिलिमीटर, एफ-फोर. कॅननची घ्या, निकॉनची घ्या वा सोनीची घ्या, नवी कोरी लेन्स दहा लाखांच्या अलीकडे येत नाही, आणि तिच्यासाठी लागणारी कॅमेऱ्याची बॉडी, तिपाई व तिपाईचे मुंडके यांचा तपशील निराळा. ही किंमत अवास्तव आहे असे उमेदवारासमोर बोलून पाहावे. सहाशेला चारांनी भागले की दीडशे, म्हणजे एवढे नाभीय अंतर राखून एवढा उजेड आत घ्यायचा तर पुढले भिंग दीडशे मिलिमीटर व्यासाचे आणि सर्वस्वी निर्दोष हवे. शिवाय रंगांची किनार फुटू नये म्हणून आत फ्लोराइटची भिंगे हवीत, ज्यांचे स्फटिक भट्टीत अतिशय सावकाश वाढवावे लागतात, हे सर्व तो अशा समरसतेने सांगतो की ऐकणाऱ्यास दहा लाख ही कारखानदाराने धर्मार्थ लावलेली रक्कम वाटू लागते. दीडशे-ते-सहाशेची झूम लाखाच्या आसपास मिळते आणि तिच्यातूनही खंड्या खंड्यासारखाच दिसतो, असा युक्तिवाद मी एकदा करून पाहिला. त्यावर उत्तर आले की, तिचे छिद्र लांबच्या टोकाला सहा-पॉइंट-तीनवर आक्रसते आणि एफ-फोर तिच्या अडीचपट उजेड देते. अडीचपट उजेडास दसपट दाम, हा हिशेब किराणा दुकानात कोणी मांडला असता तर याच गृहस्थाने दुकानदारास ग्राहक मंचापर्यंत खेचले असते.

या वर्गाचा जो नमुना माझ्या निकट परिचयाचा आहे, तो एका पतसंस्थेत हिशेब तपासनीस असून त्यांची खरी प्रतिभा छायाचित्रांत नव्हे, तर त्यांच्या खतावणीत प्रकट होते. ती वही मी पाहिली आहे. जमेच्या बाजूस दिवाळीचा बोनस. घराचे रंगकाम तहकूब केल्याची शिल्लक. जुना आरशाचा कॅमेरा विकून यावयाची रक्कम, जी 2018 साली निकॉन व कॅनन या दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना नवे माउंट दिल्यापासून दरसाल खाली येत असल्याने तीनदा खोडून पुन्हा लिहिलेली. आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या खर्चावरून काढलेली, आपण जन्मात न ओढलेल्या सिगारेटींची सव्वीस वर्षांची बचत. तळाशी शिल्लक भरघोस होती. फक्त ती बँकेत नव्हती.

अखेरची मंजुरी अर्थातच घरातून यावयाची. दरखास्त सादर झाली तेव्हा वहिनी भाजी निवडीत होत्या. त्यांनी आकडा ऐकला, मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ''अहो, कात्रजला तिकीट काढलं की वाघ दिवसभर बसलेला असतो. तोही सावलीत.'' याहून स्पष्ट शेरा सरकारी दप्तरातही सापडणार नाही.

मग लेन्स भाड्याने आणण्याचे ठरले. अनामत रक्कम, ओळखपत्राची प्रत आणि ओरखडा पडल्यास भरपाईचा करार, अशा सोपस्कारांनी दोन दिवसांपुरती घरात आलेली ती सव्वातीन किलोची वस्तू उमेदवारांनी मांडीवर घेऊन भिगवणपर्यंत नेली. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी कुंभारगावाहून होडी केली. अर्ध्या वाटेवर एक खंड्या होडीच्या नाळेवरच येऊन बसला, उन्हात निळा झगझगीत, चोचीत मासा. आणि तेव्हा आमच्या ध्यानी आले की हे दहा लाखांचे यंत्र चार-सव्वाचार मीटरांच्या आतले काही पाहूच शकत नाही. उमेदवार डोळा न काढता एकेक पाऊल मागे सरकू लागले. ''साहेब,'' नावाडी शांतपणे म्हणाला, ''मागं पाणी हाय.''

रोहित दिसले तोवर ऊन चढले होते, आणि तापलेली हवा पाण्यावर थरथरू लागली की जगातली कोणतीही भिंगे तिच्यापुढे हतबल होतात. घरी येऊन पाहता साऱ्या थव्याच्या जागी गुलाबी रेघा निघाल्या. कोणी म्हणेल, आता तरी उतार पडला असेल. छे! परतीच्या वाटेवरच निदान झाले: चूक सहाशेची नव्हती, जवळच्या पक्ष्यांसाठी दुसऱ्या बॉडीवर शंभर-ते-चारशे लावलेली नव्हती, ही होती, आणि दोन लेन्सा एकदम घेतल्यास दुकानदार काही सूट देईल, म्हणजे एक घेण्यापेक्षा दोन घेणेच काटकसरीचे ठरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कर्जाचा अर्ज घेऊन माझ्या दारात उभे होते. अर्ज संपूर्ण, सुवाच्य अक्षरात भरलेला होता. जामीनदाराचा रकाना तेवढा कोरा होता. मी पेन सापडत नसल्याची सबब सांगितली. त्यांनी खिशातून दोन काढून पुढे केली, एक राखीव.