केडगावी डबा बदलण्याची शास्त्रोक्त रीत

गाडीच्या डॅशबोर्डात कंपनीने बसवून दिलेला, रस्ता सांगणारा डबा बदलण्याची इच्छा होते ती बहुधा पडदा बोटाला दाद देईनासा झाल्यावर. जुन्या डब्यांचं आणखी एक दुखणं आहे. जीपीएसची आठवड्यांची मोजणी 1024 झाली की पुन्हा शून्यावर येते. 6 एप्रिल 2019 ला ती तशी आली आणि काही जुने डबे 1999 ची तारीख दाखवू लागले. दौंड तालुक्यातल्या केडगावकरांना फरक पडला नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, नारायण महाराजांचं बेट आणि रेल्वे स्टेशन 1999 मध्येही जागच्या जागीच होतं.

डबा घेण्याआधी डॅशबोर्डातली खाच मोजावी. 180 बाय 100 मिलिमीटर हे रूढ माप. दुकानदार न मोजताच "बसतंय की" म्हणतो. ते मनावर घेऊ नये, फ्रेम मागून घ्यावी.

आता कारागीर. या भागातला खरा जाणकार म्हणजे ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरला डेक बसवणारा. हंगामात त्याला वेळ नसतो, आणि वेळ असला तरी तो आधी "बास किती पायजे?" एवढंच विचारतो. आपल्याला रस्ता ऐकायचाय, गाणी नव्हेत, हे त्याला शांतपणे सांगावं. तो नाराज होईल, पण काम करील.

पहिल्यांदा 10 नंबर पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावावी. पॅनेल उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, स्क्रू ड्रायव्हर नको. 'टक्' आवाज आला तर क्लिप सुटली, 'कटकन' आला तर तुटली. कारागीर दोन्ही वेळा "निघाली" असंच म्हणतो. आत धूळ, पाचटाचं कुसळ आणि मागच्या कारागिराचा हरवलेला स्क्रू सापडेल. पिवळी वायर कायम करंटची, तांबडी चावीवरची, काळी अर्थिंगची. पिवळी-तांबडी उलटी लागली तर चावी काढताच डबा सगळं विसरतो. वायरी तोडून जोडू देऊ नका, कपलरच लावा. तोडलेली वायर दिसली की वॉरंटीचं नाव निघत नाही. अँटेना काचेजवळ ठेवा, पत्र्याखाली नको. जागा नक्की कळायला निदान 4 उपग्रह लागतात.

शेवटी चाचणी. चौफुल्यावर उभं राहून नुसतं 'केडगाव' टाकावं. नवा, महागाचा डबाही भीमेपलीकडे नगरचं केडगाव काढून देऊ शकतो. बेटावर दत्ताला निघालेला माणूस रेणुकामातेच्या दारात उतरतो. दर्शन वाया जात नाही, एवढंच. यावर कुठल्याही वायरीचा इलाज नाही, पत्त्यात 'ता. दौंड' लिहावं लागतं.

जुना डबा मात्र भंगारात घालू नका. गाडी विकायला काढलीत की गिऱ्हाईक नेमका तोच मागतं.