रेझिस्टन्सवाले काका

घरातली सायकल जागची हलत नाही याचं कोणालाच वाईट वाटत नाही. सायकलिंग ॲपच्या पडद्यावर चढ आला तरी ती जड होत नाही, हे दुःख एकट्या रेझिस्टन्सवाल्या काकांचं. पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत हे गृहस्थ सापडतात. पायात सायकलिंगचे बूट, हातात फोन आणि पेडल जागच्या जागी. हे व्यायाम टाळायचं निमित्त आहे, असं घरचे म्हणतात. आरोप टिकणारा नाही. व्यायाम टाळणारा माणूस सायकलीवर टॉवेल वाळत घालतो. काका तिच्या पायाशी उकिडवे बसून फर्मवेअर अपडेट करतात. त्यांचं चुकतं ते निराळ्याच ठिकाणी. भांडण हक्काचं असतं आणि काका सिग्नल शोधत बसतात.

वॉट आणि केडन्सचे (पेडल फिरण्याच्या गतीचे) आकडे दिसले की काका म्हणतात, "जोडलंय की!" पण आकडे कळवणं आणि हुकूम पाळणं ही ब्लूटूथच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत. पॉवर आणि केडन्सच्या सेवा मोजमाप सांगून मोकळ्या होतात. रेझिस्टन्स बदलायला सहसा एफटीएमएस ही वेगळी सेवा लागते, आणि तिथले रीतिरिवाज कडक : ॲपने आधी ताबा मागायचा, सायकलने तो द्यायचा, मगच चढाचा निरोप जाणार आणि मोटर चुंबक फ्लायव्हीलजवळ सरकवणार. टाकीत पाणी किती हे सोसायटीत कोणीही विचारावं, पंपाचं बटण मात्र एकाच्याच हातात, तसं हे. त्यातून बऱ्याच सायकली ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाला दाद देतात. आतल्या खोलीत मुलीच्या टॅबवर सायकल कंपनीचं ॲप उघडं असतं. बाहेर काका राउटर बंद करून सायकल खिडकीशी ओढत असतात.

अर्थात त्यांचा प्रत्येक उपाय खुळा नसतो. जागच्या सायकलीसाठी ते फोनचं लोकेशन सुरू करतात तेव्हा घरचे हसतात. पण अँड्रॉइड 6 ते 11 मध्ये ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी खरोखरच लागायची.

मग रेझिस्टन्सची घुंडी हाताने का फिरवू नये? ज्या सायकलीत मोटरच नाही तिथे दुसरा इलाजही नाही. दुकानदाराने "ब्लूटूथ आहे" म्हटलं ते आकड्यांपुरतं खरंच होतं. पण मोटरवाल्या सायकलीचे पैसे मोजलेल्या माणसाला हा सल्ला देणं क्रूर आहे. स्वतः चढवलेला घाट स्वतःला हवा तेव्हा उतरवता येतो. काकांना न विचारता येणारा घाट हवा असतो. खरा घाट हवा तर सिंहगड पुण्याजवळच आहे, हे त्यांना सांगू नये. त्यांना माहीत आहे.

शेवटी टॅब बंद होतो आणि ताबा मिळतो. झ्विफ्ट या ॲपमधला आल्प दू झ्विफ्ट हा घाट, 12.2 किलोमीटर, 21 वळणं. दहा टक्क्यांचा चढ पायांना पाचच टक्क्यांचा लागतो, ही काकांची नवी तक्रार. तीही रास्त, कारण चढ पायांना किती जाणवावा हे ठरवणारी ॲपमधली ट्रेनर डिफिकल्टीची पट्टी मुळात निम्म्यावर असते. काका ती पूर्ण उजवीकडे नेतात. दुसऱ्या वळणाच्या आत ती शून्यावर आलेली असते.