रिकार्डो आणि खरकटी भांडी

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र व आंतरराष्ट्रीय व्यवसाय हे विषय घेऊन दुसऱ्या वर्षात पोहोचलेला विद्यार्थी हा एक स्वतंत्र सामाजिक प्रकार मानावा लागतो. पहिल्या वर्षी तो चारचौघांसारखाच असतो, म्हणजे मागणीचा नियम पाठ करतो आणि कॅन्टीनमध्ये उधारी ठेवतो; तिसऱ्या वर्षी नोकरीच्या काळजीने तो पुन्हा माणसांत येतो. मधल्या वर्षात मात्र जगातील यच्चयावत व्यवहार दोन रेषांच्या छेदनबिंदूत मावतात अशी त्याची खात्री पटलेली असते, आणि तो बिंदू दाखवण्यासाठी त्याला लग्नपत्रिकेची कोरी बाजूही पुरते. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, उतरत जाते ती मागणी, चढत जातो तो पुरवठा. एवढे झाल्यावर पेनाला टोपण लावता लावता तो न चुकता म्हणतो, ‘इतर परिस्थिती कायम असता.’ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथामुळे रूढ झालेल्या या अटीचा अर्थ असा की, एका कारणाचा परिणाम तपासताना बाकीची कारणे तेवढ्यापुरती स्थिर धरावीत. शास्त्रात ही अट विधानाची मर्यादा सांगण्यासाठी घातली जाते. प्रस्तुत प्रकार मात्र तिच्या आडोशाने कोणतेही विधान बिनदिक्कत करतो.

त्याची ही विद्वत्ता सर्वांत आधी घरच्यांना भोवते. तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त वर्गात शिकवून झाला की येणाऱ्या रविवारी तो आईला समजावू लागतो की, भांडी घासणे हा आपल्या वेळेचा अपव्यय आहे, कारण ज्याने त्याने आपल्याला साजेल तेच काम करावे असे डेव्हिड रिकार्डो १८१७ सालीच सांगून गेले आहेत. रिकार्डोंचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ठरावीक कापड विणण्यासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत आणि तीच वाइन ८० माणसांत जमते. पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे, तरीही त्याने वाइनच करावी व कापड इंग्लंडकडून घ्यावे, कारण वाइनमध्ये त्याची सरशी मोठी आहे आणि कापडात इंग्लंड त्यातल्या त्यात कमी मागे आहे. या ‘त्यातल्या त्यात’मध्येच सिद्धान्ताचा सगळा जीव असतो, आणि नेमका तोच या विद्यार्थ्याच्या वहीत उतरायचा राहिलेला असतो. बारावी वाणिज्यला असलेली धाकटी बहीण मग हिशेब मांडते: पोळ्यांना आईला अर्धा तास लागतो, दादाला दोन तास, भांड्यांना आईला २० मिनिटे, दादाला ४०. आई दोन्हींत वरचढ आहे, परंतु पोळ्यांत चौपट आणि भांड्यांत दुपटीनेच. तेव्हा या घरातला इंग्लंड म्हणजे दादा, आणि सिद्धान्ताबरहुकूम त्याच्या वाट्याला घासणी. आई या रिकार्डोसाहेबांची प्रथमच आस्थेने विचारपूस करते. ‘पण इतर परिस्थिती...’ एवढेच शब्द मोरीतून ऐकू येतात आणि पुढचे नळाच्या आवाजात जातात.

आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रकल्प करावा लागतो, आणि महाराष्ट्रात तो बहुधा कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या निर्यातीवर असतो, कारण या प्रकाराला निफाड तालुक्यात एक मामा असतोच. सुटीत मामाच्या ओट्यावर बसून तो निर्यातीचे करार उलगडून सांगतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवून दिलेल्या, २०२०च्या आवृत्तीतील अकरा व्यापारी अटी त्याला तोंडपाठ असतात: ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हणजे माल जहाजावर चढला की विक्रेता जोखमीतून मोकळा, ‘सीआयएफ जेबेल अली’ म्हणजे विमा व भाडे विक्रेत्याने भरायचे, जोखीम मात्र जहाजावर माल चढताच गिऱ्हाइकाची. मामा हे सर्व शांतपणे ऐकून घेतो आणि लासलगावच्या बाजार समितीत उभा जन्म गेलेल्या माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारतो, ‘पैसे कोण देणार, अन् कधी?’

या प्रश्नाने विद्यार्थ्याला आनंद होतो, कारण त्याचे उत्तर प्रकरण सातमध्ये असते. गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेली हमी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘एलसी’; ठरलेली कागदपत्रे अटींनुसार सादर झाली की बँक पैसे देते, आणि बँकेचा संबंध केवळ कागदांशी असतो, मालाशी नसतो. म्हणजे चाळीत कांद्याला मोड आला तरी चालते का, असे मामा विचारतो. मोडाची नोंद कोणत्या कागदावर करायची असते, हे मात्र प्रकरण सातमध्ये दिलेले नसते.

प्रकल्प अर्ध्यावर असतानाच शासन हस्तक्षेप करते, आणि २०२३-२४च्या तुकडीचे जे हाल झाले त्यांची नोंद कुठे तरी व्हायला हवी. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले. विद्यार्थ्याने पुरवठ्याची रेषा खोडून वर सरकवली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखाली माल बाहेर विकता येत नाही अशी किंमत, जाहीर झाले. रेषा पुन्हा खोडली. ८ डिसेंबरला निर्यातीवरच बंदी आली, तेव्हा खोडायला रेषाच उरली नाही. मे २०२४मध्ये बंदी उठून किमान मूल्य ५५० डॉलर आणि शुल्क पुन्हा ४० टक्के झाले, तोवर तोंडी परीक्षा उरकली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निष्कर्ष विचारला असता, इतर परिस्थिती कायम असती तर निर्यात फायद्याची ठरली असती, असे त्याने सांगितले. निष्कर्ष निर्दोष होता. गुणही बरे पडले.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस हाच प्रकार पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी निघतो. दुसऱ्या वर्षी त्याने ‘घसरता रुपया: निर्यातीची संधी’ असा निबंध लिहिलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२३ सालच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाचे नाव त्याच्या संदर्भसूचीत असते, पण रुपयाच्या घसरणीत निर्यातदाराला होणारा लाभ मजुरी व पगारावर जगणाऱ्याच्या पदरचा असतो, हा त्यातील मुद्दा निबंधात कुठे डोकावत नाही. आता मात्र तो सकाळी दात घासण्याआधी मोबाइलवर डॉलरचा भाव पाहतो, रुपया दहा पैशांनी घसरला तरी चहा घेत नाही आणि शुल्काचा हप्ता याच आठवड्यात भरून टाकावा म्हणून वडिलांच्या मागे लागतो. परदेशात जाऊन शिकणे ही व्यवहारतोलाच्या खात्यात सेवेची आयात धरली जाते, हेही तो ओघात सांगतो. वडील शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करत असतात. ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात की, आयात समजली, पण आपण निर्यात कशाची करतो आहोत?

ते पुढच्या सत्रात आहे, असे तो सांगतो.