नाद आणि सातबारा

मराठी भाषेने ध्वनी आणि व्यसन या दोहोंसाठी 'नाद' हा एकच शब्द राखून ठेवला, तो काटकसरीने की दूरदृष्टीने, हे मला परवापर्यंत उमगले नव्हते.

रेडिओ बाळगण्यास पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि दरसाल त्याची फी भरावी लागे, त्या काळी शहापुरात आमच्या शेजारच्या दुकानदाराकडे व्हॉल्व्हचा एक रेडिओ होता. कळ फिरवून व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोरलीधाकटी मंडळी आरतीला उभी राहावी तशी निःशब्द उभी राहत, आणि मग बुधवारी रात्री आठ वाजता १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला सिलोनहून सर्व खरखरीनिशी अवतरली, की आम्ही तिच्यावर आषक होत असू. खरखर नसती तर तो आवाज इतक्या दूरचा वाटला नसता, आणि दूरचा वाटला नसता तर त्यावर जीव जडला नसता. पण हे ध्वनियंत्रांच्या व्यापाऱ्यांस सांगून उपयोग नाही, कारण त्यांची सारी उपजीविका ती खरखर काढण्यावर चालते.

सांप्रत प्रीतीचा मार्ग निराळा आहे. आमच्या तालुक्यातील एका इसमाची जमीन समृद्धी महामार्गात गेली आणि मोबदला खात्यावर जमा झाला. त्याची जबानी अशी, की मुरबाडच्या बाजूस एका मुंबईकराच्या फार्महाऊसवर पंपाची मोटर दुरुस्त करण्यास तो गेला असता मालकाने 'जरा बसा' म्हणून खुर्ची दिली, ध्वनियंत्र लावले, आणि पेटीचा भाता गायकाच्या अगोदर किंचित श्वास घेतो, हे त्याला ऐकू आले. हयातभर हळदीच्या रात्री डीजेच्या भिंतीपुढे ज्याच्या बरगड्या थरथरल्या, त्यास पेटीचा श्वास ऐकू यावा, हा अनर्थच! मोटर तशीच राहिली.

त्या यंत्राचा अॅम्प्लिफायर उणापुरा आठ वॅटचा, ३००-बी व्हॉल्व्हचा. हा व्हॉल्व्ह १९३०च्या दशकात अमेरिकेत सिनेमागृहांच्या कामासाठी घडला. डीजेवाला हजारो वॅट भाड्याने देतो आणि वर घासाघीसही करू देतो. हे आठ वॅट लाखांखाली बोलत नाहीत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर भोंगा बंद ठेवविला. पंचक्रोशीत त्यांचे तंतोतंत पालन करणारा तो फार्महाऊसवाला एकटाच असावा. शांतता त्याने मोल देऊन घेतली आहे, आमच्याच सातबाऱ्यावरून.

म्हशाच्या यात्रेत दात मोजल्यावाचून बैलाला हात न लावणाऱ्या आमच्या इसमाने मोबदल्यातून तसलेच यंत्र मात्र डोळे मिटून विकत घेतले. त्यातून बारीक गुणगुण येऊ लागली. जाणकारांनी अर्थिंगला दोष दिला. अंगणात खड्डा खणून कोळसा व मीठ भरण्यात आले, आणि त्यात सदैव ओल राहिली पाहिजे, असा दंडक पडला. ज्या तालुक्यातील तानसा-भातसाच्या जलाशयांवर मुंबईचे नळ वाहतात, त्याच तालुक्याच्या पाड्यांवर वैशाखात टँकर लागतो, हे सरकारदप्तरी नमूद आहेच. इसम रोज पहाटे घरातला एक हंडा त्या खड्ड्यात रिता करतो आणि आत जाऊन कान देतो.

गुणगुण बंद झाली आहे. टँकर अद्याप यावयाचा आहे.