तबेल्यासह विकणे आहे

मुळशीकडे 'टुमदार बंगली, एक एकर जमीन, दोन घोड्यांचा तबेला' विकायला निघाला, की समजावे घोडे केव्हाच गेले. चार महिने चिखलात उभे राहून खूर कुजतात आणि नाल ठोकणारा पंचक्रोशीत मिळत नाही. मालकाला तरी कुठे घोड्यावर बसायचे होते? शेजारी उभे राहून फोटो काढायचा होता, तो निघाला. आता तोच तबेला 'गेस्ट रूम होऊ शकेल असा' आहे.

अंतर अर्थातच मिनिटांत दिलेले असते. ती मिनिटे पहाटे तीनची, चांदणी चौक झोपलेला असतानाची.

खरी मौज सातबाऱ्यात. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. मग तेराव्या मजल्यावरच्या साहेबांना एकाएकी गाव आठवते, भाऊबंदकीत अडकलेले अडीच गुंठे आठवतात आणि पंधरा वर्षे न बोललेल्या चुलत्यांना दिवाळीचा फराळ जातो. व्यवहार झाला की पीकपाहणीत भात, जमिनीवर लॉन. पोहण्याचा तलाव कागदावर शेततळे होतो. सातबारा दाखवताना दलालाचा अंगठा नेमका 'इतर हक्क' या रकान्यावर असतो, हा निव्वळ योगायोग.

तरीही घ्यायचेच असेल, तर बंगली नंतर बघा. आधी शेजारच्या गटातल्या काकांकडे चहाला जा. रस्ता त्यांच्या बांधावरून जातो आणि काकांना अजून कोणी विचारलेले नाही.