चुंबकराव

चुंबकराव घरात शिरले की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी अंग चोरून बसतात. गृहस्थ चपला काढायच्या आधी खिशातून लोहचुंबक काढतात. न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या मराठी गोतावळ्यात त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या बँकेला माहीत असावं. असा एक माणूस तुमच्याही ओळखीत आहेच. त्याच्या खिशात चुंबक नसेल, टेस्टर असेल, मोजपट्टी असेल. पण असेल काहीतरी.

माझ्या लग्नातला, माहेरहून आलेला डाळीचा डबा त्यांनी एकदा उचलला, बुडाला चुंबक टेकवला आणि रिपोर्ट हातात आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, “वहिनी, चिकटतोय.” म्हणजे स्टीलमध्ये निकेल कमी. म्हणजे माझ्या वडिलांना भांडेवाल्यानं फसवलं. वडील आता नाहीत, भांडेवालाही नसेल. पण डाळ काढायला डबा उघडला की माझ्या कानात अजून ‘टक्’ वाजतं.

जुनी गाडी घ्यायची तर त्यांना न्यावंच लागतं. चुंबक पत्र्यावरून सरकता सरकता जिथे निसटतो तिथे खाली पुट्टी, म्हणजे गाडी ठोकलेली. इथवर ठीक. पण माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आलेल्या या माणसानं पांघरुणावरून गुडघ्याला चुंबक लावला! “नाही चिकटला. माल चांगला आहे,” म्हणाले. आणि सासरे, ज्यांचा सर्जनवरही विश्वास नव्हता, ते त्या रात्री प्रथमच शांत झोपले.

तर यांच्या घरातला बाथटब खराब झाला.

घर 1950च्या दशकातलं. टब पाच फुटी, तीन बाजूंनी भिंतीत बसवलेला. आता टब कितीही ऐसपैस असला तरी आपली आंघोळ त्यात बादली ठेवून, तांब्यानंच होते. बादली जिथे टेकते तिथला पांढरा रंग उडू लागला होता आणि पापुद्रे आंघोळ करणाऱ्याच्या तळपायाला चिकटून बेडरूमपर्यंत जात होते. चुंबकरावांनी चुंबक लावला. चिकटला! पाहुण्यांना न्हाणीघरात नेऊन नेऊन त्यांनी तो चिकटवून दाखवला. “ओतीव लोखंड आहे, वहिनी. दीडशे किलोच्या आसपास. आजकालचं ते फायबरग्लास नव्हे, जिथे चुंबक लाजून खाली पडतो.”

पुढे पापुद्रा नखानं सोलला तर खालून गुलाबी रंग निघाला. आयझेनहॉवर अध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी मेमी यांच्या गुलाबी रंगाच्या आवडीमुळे अमेरिकेत गुलाबी न्हाणीघरांची टूम आली होती, त्यातला हा ऐवज. मूळचा गुलाबी मुलामा काचेची पूड भट्टीत वितळवून लोखंडावर चढवलेला. वरचा पांढरा म्हणजे आधीच्या मालकानं मारून घेतलेला नुसता लेप. आता प्रश्न असा, की लेप खरवडून नवा मारायचा, की टबच बदलायचा?

नवा लेप काहीशे डॉलरचं काम. बदलायचा तर काही हजार. कारण टब एकटा निघत नाही. भिंतीच्या फरशा त्याच्या कडेवर बसलेल्या, त्या फोडा. नवा आणला की सांडपाण्याचं भोक इंचभर इकडेतिकडे, मग पाइप हलवा. आणि जुना दारातून जात नाही म्हणून घणानं त्याचे तुकडे करा. घण म्हटलं की चुंबकराव डोळे मिटायचे.

त्यांनी कोटेशनं मागवायला सुरुवात केली. तीन आली की पहिलं जुनं व्हायचं, म्हणून ते पुन्हा. मंडळाच्या गणपतीत, आरती संपताना सगळे स्वतःभोवती फिरत असताना त्यांनी मला विचारलं, “लेप का नवा?” मी फिरून पुन्हा समोर आले तेव्हा ते उत्तराची वाट बघत उभे! त्यांच्या सौभाग्यवती तोवर वरच्या मजल्यावरच्या शॉवरमध्ये स्थलांतरित झाल्या होत्या, बादलीसकट.

अखेर सगळ्यात स्वस्त कोटेशनवाला कामाला आला. विशी-बाविशीचा पोरगा, एक डबा, एक खरवडणी. तोंडाला मास्क नाही, खिडकी बंद. चुंबकरावांनी चष्मा वर करून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. मिथिलीन क्लोराइड. मग पोराला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला आणि लॅपटॉप उघडून सरकारी आरोग्यखात्याचा, सीडीसीचा, 2012 सालचा अहवाल वाचून दाखवला: 2000 ते 2011 या काळात अमेरिकेत टब खरवडणारे 13 कामगार या रसायनानं दगावले. त्याची वाफ हवेपेक्षा जड; टबातच साचते, आणि खरवडणाऱ्याचं डोकं नेमकं टबात वाकलेलं असतं. पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन, शंकरपाळ्यांची पिशवी हातात कोंबून परत पाठवलं. डबा मात्र ठेवून घेतला. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ते स्वतः बोलले नाहीत. कुपनाशिवाय दूध न घेणारा हा माणूस! मी, सांगायला जरा जड जातं, पण डाळीचा डबा त्या दिवशी त्यांना माफ केला.

नंतर दुप्पट दराचा माणूस ठरला: ते रसायन न वापरणारा, वाफ बाहेर ओढणारा पंखा-नळा घेऊन येणारा. होकार द्यायला चुंबकरावांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. बायकोनं त्यांचा ताप बघितला.

लेप छान बसला. दोन दिवस हात लावू नका, असं तो माणूस तीनतीनदा बजावून गेला. बजावून तो रस्त्याच्या वळणापर्यंत पोचला असेल-नसेल, यांना शंका आली, की एवढ्या थरातून अजून चिकटतो का?

चिकटला. निघेना. निघाला तेव्हा रुपयाएवढं गोल गुलाबी भोक ठेवून निघाला.

वॉरंटीत चुंबक बसत नाही म्हणे. तेवढ्या डागाच्या दुरुस्तीची दोन कोटेशनं आली आहेत. तिसरं मंगळवारी यायचं आहे.