गुरूच्या वाटेवर

शिर्डीला जायचं ते गुरुवारीच, हा आमच्या मामींचा नेम. आणि तिथे जाऊन शहाणपण पाजळायचं, हा माझा. 2026 चा जानेवारी. चावडीच्या रस्त्यावर पालखीची वाट बघत दुतर्फा गर्दी, आणि वर मिथुन राशीत गुरू लखलखतोय. असा योग मी सोडतोय होय?

"मामी, गुरूच्याच वाटेवरून दहा हजारांवर लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. एक जथा साधारण साठ अंश पुढे, दुसरा तेवढाच मागे. असं जमू शकतं हे लाग्रांजनं 1772 मध्ये नुसत्या गणितानं दाखवलं. पहिला सापडला 1906 मध्ये, जर्मनीत माक्स वोल्फला. त्याचं नाव अकिलीस. पुढच्या जथ्याला ग्रीक वीरांची नावं, मागच्याला ट्रॉयच्या."

"दिसतायत का?"

मी भाच्याची दुर्बीण डोळ्याला लावली. "तो बघा, लालसर!"

"तो मोबाइलचा टॉवर आहे," शेजारचा हारवाला म्हणाला.

विषय बदलणं भाग होतं. "त्यांतला सगळ्यात मोठा हेक्टर. आहे ट्रॉयचा, पण छावणी ग्रीकांची."

"निवडणुकीच्या आदल्या रात्री गेला असेल," मामी म्हणाल्या. "पण इतक्या लांब राहून गुरूचा काय उपयोग?"

"लांब आहेत म्हणून तर अब्जावधी वर्षं टिकलेत! जवळ जाणाऱ्याला गुरू एक तर भिरकावतो, नाहीतर गिळतो. 1994 च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे आदळले ना त्याच्यावर!"

एवढ्यात पालखी आली, आणि हा लांब राहण्याचा पुरस्कर्ता कोपरं मारत थेट पालखीकडे घुसला. पहिल्या रेट्यात दुर्बिणीचं झाकण गेलं, दुसऱ्यात डाव्या चपलेचा अंगठा तुटला, तिसऱ्यात मी कुठल्याशा पदयात्रेच्या पिवळ्या टी-शर्टांत जाऊन पडलो. कुणीतरी कपाळाला अष्टगंध फासला. "भाऊ, धरा जरा," म्हणून एकानं हातात झेंडा दिला.

फोन वाजला. "अरे, मी उभी होते तिथूनच पालखी गेली. अगदी पुढ्यातून. डोळे भरून दर्शन झालं. तू कुठल्या छावणीत आहेस?"

सांगणार काय? पिवळी मंडळी केव्हाच प्रसादालयाकडे गेली होती, आणि मी एका चपलेवर त्यांचा झेंडा सांभाळत होतो.